गाणं सोडून बाकी सगळं

९ जानेवारी

प्रिय आत्या,

उत्सवासाठी प्रोजेक्टर मिळेल का असं विचारलंयस. मिळेल. आमच्या संग्रहालयात दोन जुने पडून आहेत, त्यातला बरा मी साहेबांकडून मागून ठेवलाय. मला स्वतःला येता येईल असं मात्र दिसत नाही. मे महिन्यात आमचं सगळं बिऱ्हाड नव्या इमारतीत हलतंय. नऊ हजार डबे, प्रत्येकात सिनेमाचं एकेक रीळ, आणि ते हलवताना हजर राहायला आम्ही पाच जण. सुट्टीचं नाव काढलं की साहेब चष्मा काढून पुसायला लागतात.

पण या हलवाहलवीतच एक गोष्ट हाती लागलीय. जरा बसून वाच.

मागच्या खोलीत तळाच्या फळीवर एक गंजलेला डबा होता. उघडला तर व्हिनेगरचा भपकारा आला. जुनी रिळं सडायला लागली की असाच वास येतो. डब्यावर चिठ्ठी होती : ‘रडणारी मुलगी, नदीकाठ’. सालही होतं, एक्कावन्न वर्षांपूर्वीचं. दोन आठवडे हातमोजे घालून फूटभर फूटभर पुसून काढलं, तेव्हा कुठे ते मशीनवर चढलं. सव्वीस मिनिटांचा सिनेमा आहे. आपली वस्ती, आत्या! चढावरची घरं, नदीतला तो वाकडा खडक, मागावर बसलेल्या बायका. आणि मग एक दहा-बारा वर्षांची मुलगी, गुडघे टेकून बसलेली, गाते आणि रडते. ती हनुवटी मी कुठेही ओळखेन. बाबांची तीच होती. ती तू आहेस.

सिनेमात एक माणूस मागून बोलतो, की ही मुलगी आपल्या मेलेल्या भावासाठी गात आहे. म्हणजे धाकटा काका तापाने गेला, तेव्हाचंच ना हे? बाबा कधी त्याबद्दल बोलले नाहीत. ते जाऊन दोन वर्षं झाली, आता विचारायलाही तूच उरलीस. आणि तू गायचीस हे मला कुणी सांगितलंच नाही! मी तुला साधं गुणगुणतानाही ऐकलेलं नाही.

हा सिनेमा कुठल्या कुठल्या देशांत दाखवला गेला, बक्षिसं मिळाली. फक्त जिथे काढला तिथेच कधी लागला नाही. या वर्षी आपल्या उत्सवाची सुरुवात यानेच करायची. तुझ्या फोटोची एक प्रत सोबत पाठवते.

तुझी
भिंगरी

२६ जानेवारी

भिंगरे,

मशीन मिळतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. गेल्या वर्षीचं भाड्याचं मशीन मध्येच गरम व्हायचं आणि हेडमास्तर तेवढ्या वेळात भाषण करून घ्यायचे. या वर्षी त्यांना संधी मिळू द्यायची नाही.

पडदा मी शिवला. सहा चादरी जोडल्यात. एक शिवण बरोबर मधून जाते, त्यामुळे मधोमध उभ्या असलेल्या माणसाचं नाक दुभंगणार. हेडमास्तर म्हणाले, “शिवण दिसता कामा नये.” मी म्हटलं, “तीस वर्षं तुमच्याच शाळेत शिवण शिकवलं. शिवणीशिवाय जोडायच्या असतील तर तुम्ही खळीने चिकटवा.”

सरकारी कचेरीने पत्रकं छापून देतो म्हणून सांगितलं होतं. नमुना आला. वर मोठ्या अक्षरांत ‘आदिवासी कलांचे दर्शन’. मी म्हटलं, आपण काय देवळातल्या मूर्ती आहोत दर्शन द्यायला? खोडून ‘आमचे सिनेमे, आमची कला’ असं करून परत पाठवलंय. बघू काय छापतात.

सिनेमे अकरा झाले. डोंगरापलीकडच्या वस्तीतली एक मुलगी आजोबांवरचा सिनेमा घेऊन येतेय. ते लाकडाचे मुखवटे कोरतात आणि कोरताना सारखे शिव्या देतात. तिने शिव्या काढलेल्या नाहीत. समितीत यावर दोन तास वाद झाला, शेवटी शिव्या ठेवायच्या ठरलं. आपल्या ट्रकवाल्यानेही फोनवर एक काढलाय. चाळीस मिनिटं नुसता रस्ता. शेवटी एक शेळी आडवी येते. पण मी पुन्हा बघितला तर पुन्हा बघावासा वाटला, का ते माहीत नाही.

विणकरणी तीन दिवस शाळेच्या व्हरांड्यात माग लावणार आहेत. ढोलवाल्यांना पटांगणाचा लांबचा कोपरा दिलाय, नाहीतर सिनेमात कुणाचं काही ऐकू येणार नाही.

फोटो मिळाला. तो सिनेमा नको.

तुझी आत्या

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

“तो सिनेमा नको.” तीन शब्द! पडद्याच्या शिवणीवर अर्धं पान आणि यावर तीन शब्द.

मला कळतं, जुनं दुःख उकरायला नको वाटतं. पण जरा माझ्या बाजूने बघ. रोज मी परक्यांचे सिनेमे पुसते. लग्नं, उद्घाटनं, कुणाकुणाची भाषणं. आपल्या माणसांचं म्हणून जे काही आहे ते या एका डब्यात. आणि त्यात तू गातेस, आत्या. ते ऐकून माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई, जिला आपल्या बोलीतलं एक अक्षर कळत नाही, ती हातातलं काम टाकून उठून आली. असं गाणं डब्यात सडू द्यायचं?

तू रागावशील म्हणून आधीच सांगते. मी हेडमास्तरांना पत्र घातलं होतं. त्यांचं उत्तर उलट टपाली आलं. ते इतके खूश झालेत की त्यांनी पत्रकात पहिल्या दिवशी पहिला म्हणून तोच सिनेमा टाकलाय. ‘सुमारे अर्धशतकापूर्वी आपल्याच कन्येने गायिलेले’ वगैरे. तू नको म्हणालीस तरी लोक मागे लागतील बघ. एकदा पाहिलास की तुलाही बरं वाटेल.

तुझी
भिंगरी

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

मी समिती सोडली. पडदा शाळेत नेऊन दिला. मशीन पाठवायचं तर हेडमास्तरांच्या नावाने पाठव.

मी नको म्हटलं होतं. ते तुझ्या कानापर्यंत पोचायला आणखी किती शब्द लागतात ते मला माहीत नाही.

आत्या

२५ फेब्रुवारी

आत्या,

चुकले. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

हेडमास्तरांना मी तारेसारखं दोन ओळींचं पत्र टाकलंय, की सिनेमा मिळणार नाही, नाव काढा. कारण विचारलं तर मशीनवर चढत नाही असं सांगीन. तुझं नाव कुठेही घेणार नाही.

काय झालं होतं ते मी विचारणार नाही. वाटलं तर सांग, नाहीतर नको. एकच गोष्ट लपवायची नाही म्हणून कळवते. काल त्याच फळीमागून आणखी एक पेटी निघाली. सिनेमाचा आवाज त्या काळी वेगळ्या टेपवर धरायचे. ही तीच टेप आहे, नदीकाठची, न कापलेली. सिनेमात घेतलं त्याच्या आधीचं, नंतरचं सगळं तिच्यावर असणार. मी ती लावलेली नाही. पेटी माझ्या खणात कुलपात आहे. तू सांगशील तर ऐकीन, तू सांगशील तर परत फळीमागे सरकवून देईन.

पडदा परत घरी आण गं. तुझ्याशिवाय त्यांना तो बांधताही येणार नाही.

भिंगरी

१४ मार्च

भिंगरे,

पंधरा दिवस विचार केला. आज लिहिते, कारण आज लिहिलं नाही तर कधीच होणार नाही.

तू म्हणतेस तसा तेव्हा धाकटा गेलेला नव्हता. चांगला जिवंत होता, सहा वर्षांचा.

कॅमेरावाले साहेब आपल्या वस्तीत महिनाभर होते. माणूस गोड बोलायचा. निवासी शाळेत गेल्यामुळे त्यांची भाषा मला आणि तुझ्या बापाला यायची, म्हणून आम्ही सारखे त्यांच्या मागेपुढे. मी बारा वर्षांची, मधला, म्हणजे तुझा बाप, दहाचा. साहेबांना निरोपाचं गाणं हवं होतं. माणूस गेल्यावर बायका नदीवर म्हणतात ते. काकूने सरळ सांगितलं, ते मागून मिळत नाही, कुणी गेलं तरच म्हणतात. काकू म्हणजे माझी चुलती, तुझी चुलत आजी. गाणी तिच्याकडे असतात. तेव्हा ती तिशीची होती, पण तिचा शब्द शेवटचा.

एक दिवस दुपारी मी पाणी घेऊन येत होते. साहेब धावत आले. चेहरा पांढरा. म्हणाले, “तुझा धाकटा भाऊ नदीत पडला. सापडत नाही.” हातातलं भांडं कुठे गेलं मला माहीत नाही. मी खडकापाशी पोचले. पाणी नुसतं वाहत होतं. हाका मारल्या. मग मी गुडघ्यांवर बसले आणि आपोआप ते गाणं तोंडातून आलं. बायकांच्या मागे उभं राहून ऐकून ऐकून मला थोडंसं यायला लागलं होतं. कॅमेरा कधी लागला ते मी बघितलंसुद्धा नाही.

गाण्याचा आवाज ऐकून सगळी वस्ती धावत खाली आली. कोण गेलं, कोण गेलं! आणि धाकटा साहेबांच्या गाडीमागून बाहेर आला. हातात बिस्किटाचा पुडा.

मी सांगितलं, मला साहेबांनी तो बुडाल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, “छे, मी हिला गाणं म्हणून दाखव म्हटलं, हिने म्हटलं.” लोकांनी त्यांना त्याच दिवशी हाकलून लावलं. पण विश्वास त्यांच्यावरच ठेवला. एवढं मोठं खोटं कुणी लेकराला सांगेल, हे कुणाच्या डोक्यातच येईना. बिस्किटासाठी पोरीने जिवंत भावावर गाणं म्हटलं, एवढंच राहिलं.

पाच महिन्यांनी धाकटा तापाने गेला.

पुढचं तुला सांगायला नको. आई एकदाच बोलली, “तूच पाठवलंस त्याला.” पुन्हा कधी बोलली नाही, पण एकदा पुरलं. काकूने मला बायकांच्या गाण्यात बसू दिलं नाही. त्या दिवसानंतर मी गायले नाही. लग्न ठरेना, तेही त्यातच आलं. मी शिवण शिकले, शाळेत लागले, मुलांना काजं-बटणं शिकवली. आयुष्य काही वाईट गेलं नाही. पण वस्तीत अजून कुणी आजारी पडलं की माझ्या दारावरून जाताना बायका आवाज खाली करतात.

आता तुझ्या टेपबद्दल. ऐक. साहेब मला काय म्हणाले ते तिच्यावर असेल तर मला हवंय. माझ्या तोंडून कुणी ऐकलं नाही, टेपच्या तोंडून ऐकतील. काकू अजून आहे. ऐंशी उलटली, कान बरे आहेत.

आत्या

३० मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

टेप लावली. खराब झालीय. नुसती खरखर आहे, मधेमधे पाण्याचा आवाज. काही कळत नाही. वाईट वाटतं. इथे डबे बांधायला सुरुवात झालीय, त्यामुळे फार लिहायला वेळ नाही.

जपून राहा.

भिंगरी

८ एप्रिल

भिंगरे,

ठीक आहे. एक्कावन्न वर्षं टेपशिवाय काढली, उरलेलीही निघतील.

हेडमास्तर घरी येऊन गेले. पडदा उलटा टांगला होता म्हणे, तर खालची दोरी वर आणि वरची खाली. “तुम्ही परत या,” म्हणाले, “नाहीतर उत्सव उताणा पडेल.” त्यांना कारण माहीत नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. माणूस भाषणं फार करतो, पण बरा आहे. मी परत गेले. मुखवटे कोरणारे आजोबा स्वतःही येणार आहेत, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून खालच्या वर्गात जागा केली.

तुला एक विचारू? तू पोस्टकार्डावरही आडवंतिडवं कोपऱ्यापर्यंत लिहिणारी पोरगी. माझ्या एवढ्या पत्राला तुझं उत्तर सहा ओळींचं. वेळ नव्हता, असेल. पण तुझा बाप लहानपणी काही लपवायचा तेव्हा असाच थोडक्यात बोलायचा.

आत्या

१६ एप्रिल

आत्या,

टेप खराब नाही. मी खोटं लिहिलं. टेप इतकी स्वच्छ आहे की नदीवरचे पक्षी ऐकू येतात.

तुला हे लिहायचं की नाही यात दीड महिना गेल्यासारखा वाटला, खरं तर पंधरा दिवसच. मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी नाही, बाबांसाठी. आता दोघांपैकी कुणासाठी काय बरोबर ते मला कळेनासं झालंय. म्हणून जे आहे ते जसंच्या तसं लिहिते.

आधी गाडीचं दार वाजतं. मग साहेबांचा आवाज, “मशीन चालू ठेवा. मी तिला सांगून येतो भाऊ बुडाला म्हणून. तोपर्यंत धाकट्याला मागे धरून ठेव. तोंडावर हात ठेव. काम झालं की बॅटरी तुझी.” आणि एक मुलगा म्हणतो, “हो साहेब.”

पावलं लांब जातात. बराच वेळ नुसती नदी. मग साहेब धापा टाकत परत येतात. लांबून तुझ्या हाका. मग तो मुलगा विचारतो, “साहेब, ताई खरंच रडतेय. सांगू तिला?” साहेब म्हणतात, “थांब. अजून नाही.” परत थोड्या वेळाने, “सांगू का?” “अजून नाही.” तिसऱ्यांदा तो नुसतंच “साहेब” म्हणतो. यावर साहेब काही बोलतच नाहीत. मग तुझं गाणं सुरू होतं.

तो आवाज बाबांचा आहे. लहान आहे, पण ‘खरंच’ म्हणताना जीभ जशी अडखळते, तशी त्यांची शेवटपर्यंत अडखळायची.

तू खोटं बोलली नव्हतीस याचा पुरावा आहे हा. आणि बाबांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं याचाही. एवढी वर्षं लोक तुला बोलत राहिले आणि ते गप्प राहिले.

एक करता येईल. साहेबांचं “मी तिला सांगून येतो” एवढं वाक्य ठेवून बाकी मी कापू शकते. बाबांचा आवाज काढून टाकता येईल, सांधा कुणाला कळणारही नाही. माझं कामच ते आहे. तू म्हणशील तसं.

भिंगरी

२९ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र घेऊन मी शाळेच्या शिवणाच्या खोलीत जाऊन बसले. तिथे आता कुणी येत नाही.

मला माहीत नव्हतं. धाकटा गाडीमागे आपणहून लपला असेल, बिस्किटं बघून, असंच मी धरून चालले होते.

राग आला. तुझ्यापासून कशाला लपवू. दोन दिवस तुझ्या बापाशी मनातल्या मनात भांडले. एकदा तोंड उघडलं असतंस तर, म्हटलं. आई जिवंत होती तोवर तरी. मग ट्रंक उघडली. वस्ती सोडून शहरात गेल्यापासून त्याने दर महिन्याला मला पत्र लिहिलं, स्वतः मात्र एकदाही आला नाही. रजा नाही, तुझी शाळा, पाय दुखतो. सगळी पत्रं मी ठेवलीत. सगळी काढून शेवटची ओळ तेवढी वाचली. प्रत्येक पत्रात तीच. “ताई, माझं काही चुकलं असेल तर माफ कर.”

चाळीस वर्षं मला वाटत होतं, पत्र संपवायची पद्धत आहे.

दहा वर्षांचं पोर गं. ताईला सांगू का म्हणून तीनदा विचारलं त्याने. माझ्यासाठी त्या दिवशी त्या नदीवर एवढं तरी कुणी केलं का? नंतर घाबरला. पाच महिन्यांनी धाकटा गेल्यावर तर त्याची वाचाच बसली असणार. मला वस्तीने बोलून बोलून टोचलं, त्याला कुणी काही बोललंच नाही. कुठलं बरं ते मला सांगता येणार नाही.

आता ऐक. काही कापायचं नाही. त्या साहेबाने कापलं तेवढं पुरे झालं. टेप पहिल्या दारापासून वाजेल, तुझ्या बापाच्या आवाजासकट. पण गाणं सुरू झालं की बंद. ते गाणं उत्सवात ऐकवायचं नाही, कुणी कितीही मागितलं तरी. चित्र दाखवा, मुकं. मला काय सांगायचं ते मी पडद्याशेजारी उभी राहून सांगीन, आपल्या बोलीत.

आणि डब्यावरची ती चिठ्ठी काढ. ‘रडणारी मुलगी’ काय? माझं नाव लिही. खाली मधल्याचं आणि धाकट्याचं.

आत्या

६ मे

प्रिय आत्या,

मशीन, टेप आणि रिळाची प्रत ट्रकवाल्याच्या ताब्यात दिली. त्याला दोन दिवस बसवून सगळं शिकवलं. टेप कुठे थांबवायची तिथे मी पांढरी पट्टी चिकटवलीय. “पट्टी दिसली की हात आपोआप ब्रेकवर जाणार,” म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास आहे.

चिठ्ठी बदलायला रीतसर अर्ज लागतो, तीन सह्या आणि एक बैठक. हलवाहलवीत डबा माझ्या हातात होता आणि साहेब चष्मा पुसत होते. आता त्यावर तुमची तिघांची नावं आहेत. नव्या इमारतीत तो तसाच गेला.

मी तिथे हवी होते. जमत नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. सगळं लिही. शिवणीवर अर्धं पान चालेल.

भिंगरी

२७ मे

भिंगरे,

उत्सव पार पडला. माणसं एवढी आली की तिसऱ्या दिवशी बाकं व्हरांड्यात काढून लोकांना जमिनीवर बसवलं. मुखवटेवाल्या आजोबांच्या सिनेमाला लोक हसून हसून लोळले. आजोबा पडद्यावरच्या स्वतःला तिथूनच शिव्या देत होते, बोट कसं धरलंयस म्हणून. ट्रकवाल्याची शेळी आल्यावर टाळ्या पडल्या.

आपला सिनेमा दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवला होता. खिडक्यांना कांबळी लावून अंधार केला. मी काकूला स्वतः जाऊन बोलावलं. तिच्या दारात मी एक्कावन्न वर्षांत पाय ठेवला नव्हता. “ये म्हणतेस तर येते,” एवढंच म्हणाली. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसली.

मी उभी राहिले आणि काय झालं होतं ते सांगितलं. मग ट्रकवाल्याने टेप लावली. गाडीचं दार वाजलं. साहेबांची भाषा आता सगळ्यांनाच कळते, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही. “भाऊ बुडाला म्हणून सांगून येतो” हे आलं. मग तुझ्या बापाचा आवाज. सांगू तिला? अजून नाही. पट्टी आली, ट्रकवाल्याचा हात बरोबर पडला. मग मुकं चित्र. मी स्वतःला पहिल्यांदा बघितलं. केवढीशी होते.

संपल्यावर काकू म्हणाली, “परत लाव.” परत लावली. ती उठली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. बाकीच्या बायका माझ्याभोवती जमल्या, कुणी हात धरला, कुणी रडली. मी बघत होते दाराकडे. मला वाटलं, संपलं, हिला काही पटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्याची दोरी आवळत होते, तर काकू काठी टेकत शाळेत आली. बाकावर बसली. म्हणाली, “तिसरी ओळ चुकलीस तेव्हा.”

मी म्हटलं, “काय?”

“गाणं. तिसरी ओळ खाली उतरते. तू वर नेलीस. तेव्हापासून कानात खुपतंय माझ्या.” मग म्हणाली, “तुला शिकवलीच नव्हती कुणी. बारा वर्षांच्या पोरीला कोण शिकवतं.”

ती म्हणाली, “म्हण आता.”

“आत्ता? कोण गेलंय?”

“धाकटा,” म्हणाली.

हे मी तुला लिहिलं नव्हतं. तो खरा गेला तेव्हा नदीवर कुणी गाणं म्हटलं नाही. एकाला एकदाच म्हणतात, आणि त्याचं मी म्हणून बसले होते. त्याला तसंच, मुकाट्याने नेलं.

काकू म्हणाली, “त्याचं झालंच नव्हतं. ते त्या साहेबाने म्हणवून घेतलं, ते धरायचं नाही. हा निर्णय मी तेव्हा द्यायला हवा होता.” याहून जास्त ती काही बोलली नाही आणि मलाही नको होतं.

सतरा बायका नदीवर गेलो. उत्सवाची पाहुणी माणसं शाळेतच थांबली, त्यांना हेडमास्तरांनी भाषण करून अडकवून ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या भाषणाचा उपयोग झाला. ट्रकवाल्याने स्वतःचा फोन माझ्या हातात आणून दिला, न मागता, चोरून काही काढायला नको म्हणून. काकूने सुरू केलं, दुसऱ्या ओळीला मला खूण केली. माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. पण तिसरी ओळ खाली उतरली. म्हणताना रडू आलं नाही. संपल्यावर आलं, तेव्हा काकूने मला रडू दिलं.

येताना तिने विचारलं, “मधल्याचं तिकडे शहरात कुणी म्हटलं का?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग त्याचं राहिलंय. त्याची पोरगी हवी त्याला. लवकर बोलाव, मी काही कायमची नाही.”

तेव्हा तुझे डबे लागले फळीवर की ये. आपल्या बोलीला लिपी नाही, म्हणून गाणं मी तुमच्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहिलंय, या पत्राच्या आत घडी करून. पाठ कर, पण मनात. मोठ्याने म्हणायचं नाही. तिसरी ओळ कशी उतरते ते कागदावर दाखवता येत नाही, ते मी इथे शिकवीन.

आत्या